लिस्बनला बसून काम करायचंय? खोली नको, गाळा शोधा!



मागच्या वर्षी आपल्या एका बॅचमधल्या मुलीचा मेसेज आला. ती बाहेरच्या छोट्या ब्रँड्सचं सोशल मीडिया सांभाळते. रीतसर व्हिसा काढून जानेवारी ते मार्च ती पोर्तुगालच्या राजधानीत, लिस्बनला राहायला गेली. कोलिव्हिंगमध्ये खोली घेतली. फोटोत गच्ची, गच्चीतून दिसणारी नदी, हसरी माणसं. "तीन महिन्यांचं एकदम भरलं तर सूट" म्हटल्यावर तिने सगळे पैसे आधीच भरून टाकले.

तिथे गेल्यावर कळलं की खोलीत टेबलच नाही. वायफाय स्वयंपाकघरात जोरात, खोलीत एक कांडी. थंडी अशी की दोन स्वेटर घालून कॉल घ्यायचे. भारतातल्या क्लायंटचे कॉल पहाटे, तेही स्वयंपाकघरात बसून, मग शेजारच्यांची तक्रार. चौथ्या आठवड्यात तिने जागा सोडली. पैसे परत मिळाले नाहीत आणि एक क्लायंटही गेला.

ती मला म्हणाली, "दादा, जागा वाईट नव्हती हो. सुट्टीसाठी एक नंबर होती."

इथेच सगळी गोम आहे. कोलिव्हिंग म्हणजे काय? झोपायची खोली आपली, स्वयंपाकघर आणि हॉल सगळ्यांचा, आणि फर्निचर, लाईट, नेट सगळं एकाच भाड्यात. पण तुम्ही तिथे कमवायला जाताय. म्हणजे तुम्ही भाड्याने घेताय तो खरं तर एक गाळा, आणि त्या गाळ्यात एक पलंग आहे. दुकानासाठी गाळा बघताना आपण रंग बघत नाही. गिऱ्हाईक, लाईट, पाणी आणि करार बघतो. इथेही तेच करायचं.

१. आधी घड्याळ बघा

लिस्बन भारताच्या हिवाळ्यात साडेपाच तास आणि उन्हाळ्यात साडेचार तास मागे असतं. म्हणजे पुण्यात सकाळचे १० वाजले की तिथे जानेवारीत पहाटेचे साडेचार! तुमचे क्लायंट भारतात असतील तर तुमचं दुकान पहाटे उघडणार. मग खोलीतच टेबल पाहिजे, भिंती जाड पाहिजेत, नाहीतर कॉलसाठी बंद केबिन पाहिजे. न्यूयॉर्कचा क्लायंट असेल तर त्याचे सकाळचे ९ म्हणजे लिस्बनमध्ये साधारण दुपारचे २. मग कॉमन हॉलमधली संध्याकाळची पार्टी तुमच्या मीटिंगमध्ये घुसणार. आधी कागदावर स्वतःचे कामाचे तास लिहा. खोली त्यानंतर.

२. कागद पक्के करा

शेंगेनचा टुरिस्ट व्हिसा १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवसांचा, आणि तो फिरण्यासाठी असतो. त्यावर जाऊन लॅपटॉप उघडून धंदा करायचा जुगाड करू नका. रिमोट काम करणाऱ्यांसाठी पोर्तुगालने ऑक्टोबर २०२२ मध्ये वेगळा व्हिसा सुरू केला. लोक त्याला डी-८ म्हणतात. त्यासाठी महिन्याचं उत्पन्न तिथल्या किमान वेतनाच्या चौपट दाखवावं लागतं. २०२५ मध्ये किमान वेतन ८७० युरो होतं, म्हणजे ३,४८० युरो. हा आकडा वाढत राहतो, त्यामुळे अर्जाच्या वेळी ताजा बघा. गोव्यातल्या ज्या मंडळींकडे पोर्तुगीज पासपोर्ट आहे, त्यांना ही भानगडच नाही.

व्हिसाच्या अर्जाला राहण्याचा पुरावा जोडावा लागतो. म्हणून कोलिव्हिंगवाल्याला पहिलाच प्रश्न हा: "व्हिसासाठी चालेल असा लेखी करार देणार का?" गोलमोल उत्तर आलं तर पुढे चला.

अजून एक. पर्यटकांना थोड्या दिवसांसाठी घर देणाऱ्यांना तिथे सरकारी नोंदणी लागते. नोंदणी क्रमांकाला 'एएल' ही अक्षरं जोडलेली असतात आणि तो सरकारी पर्यटन नोंदवहीत ऑनलाइन तपासता येतो. पैसे पाठवायच्या आधी हा क्रमांक मागा. आणि १८३ दिवसांपेक्षा जास्त राहणार असाल तर तिथे कर लागू होऊ शकतो. जाण्याआधी सीएशी बोला, आल्यावर नाही.

३. नेटचा पुरावा मागा

"आमच्याकडे हाय स्पीड वायफाय आहे" हे वाक्य म्हणजे "आमच्याकडे ताजी भाजी मिळेल" अशी पाटी. भाजी हातात घेऊन बघायची! तुम्हाला मिळणार त्याच खोलीतून, संध्याकाळी सगळे ऑनलाइन असताना केलेल्या स्पीड टेस्टचा फोटो मागा. डाऊनलोडबरोबर अपलोडचा आकडाही बघा, कारण व्हिडिओ कॉलवर तुमचा चेहरा अपलोडवरच चालतो. खोलीत केबल लावायची सोय असेल तर सोन्याहून पिवळं.

४. थंडी, आवाज आणि चढ

"पोर्तुगाल म्हणजे ऊन" असं आपल्या डोक्यात असतं. पण लिस्बनचा हिवाळा पावसाळी आणि दमट असतो, आणि जुन्या घरांत सेंट्रल हीटिंग सहसा नसतं. बाहेरपेक्षा आत जास्त गारठा वाटतो. खोलीत हीटर आहे का आणि लाईट बिलाला मर्यादा किती, हे दोन्ही विचारा.

वस्तीही बघा. बायरू आल्तू म्हणजे रात्रीच्या बारची वस्ती. पहाटे कॉल असणाऱ्याने तिथे राहू नये. आल्फामा सुंदर आहे, पण नुसते चढ आणि पायऱ्या. आरोइश, आल्व्हालाद या राहत्या वस्त्या आहेत आणि दोन्हीकडे मेट्रो आहे. मात्र विमानतळ शहराला अगदी लागून असल्याने आल्व्हालादच्या बाजूला विमानाचा आवाज तपासा. डाळ-मसाला मार्तीम मोनीश भागातल्या आपल्याकडच्या दुकानांत मिळतो.

५. भाडं नाही, पूर्ण खर्च मोजा

उदाहरणासाठी आकडे धरू. खोली 'अ' ८५० युरो, पण टेबल नाही म्हणून बाहेर कोवर्किंगचे १८० आणि जाण्या-येण्याचा शहराचा मासिक पास ३० युरो. एकूण १,०६०. खोली 'ब' १,००० युरो, टेबल-खुर्ची आणि कॉलची केबिन सकट. महिन्याला कामाचे २२ दिवस धरले तर 'अ' दिवसाला साधारण ४८ आणि 'ब' ४५ युरोला पडते. स्वस्त वाटणारी खोली महाग निघाली! पर्यटक निवासात सुरुवातीला राहणार असाल तर माणशी रात्रीला ४ युरो कर, जास्तीत जास्त ७ रात्रींचा, हेही धरा.

६. आगाऊ तेवढंच, जेवढं बुडालं तरी चालेल

हा मुद्दा वहीत लिहून ठेवा. कोलिव्हिंग चालवणारी कंपनी हाही एक धंदाच आहे, आणि धंदा बसू शकतो. लंडनची 'द कलेक्टिव्ह' या क्षेत्रातलं मोठं नाव, २०२१ मध्ये अडचणीत येऊन प्रशासकांच्या ताब्यात गेली. प्रवासात काम करणाऱ्यांची लाडकी साखळी 'सेलिना' नॅसडॅकवर लिस्ट झालेली होती, तरी २०२४ मध्ये दिवाळखोरीत गेली. मोठं नाव म्हणजे तुमच्या डिपॉझिटची हमी नव्हे.

म्हणून पहिला आठवडा फक्त आठवड्याचा बुक करा. त्यात एक पूर्ण कामाचा दिवस काढून बघा, मग महिना-महिना वाढवा. सूट सोडावी लागली तर ती विम्याचा हप्ता समजा. डिपॉझिट किती दिवसांत परत आणि मध्येच सोडलं तर काय, हे करारात लेखी पाहिजे, व्हॉट्सअॅपवर नाही.

आणि एक फुकटचा उपाय. बुकिंगच्या आधी मालकाला तुमच्या कामाच्या वेळेला व्हिडिओ कॉल लावा आणि तुमच्या खोलीतूनच बोलायला सांगा. नेट, उजेड, आवाज, टेबल, सगळं दहा मिनिटांत कळतं. जो हे करायला तयार नाही, त्याला तुमचे पैसे द्यायची घाई कशाला?

ती मुलगी आता आरोइशमध्ये राहते. गच्ची नाही, नदी दिसत नाही. पण खिडकीखाली टेबल आहे, हीटर आहे, आणि दोन नवीन क्लायंट मिळालेत.

तुम्ही कुठल्या शहराचा विचार करताय आणि तुमचे क्लायंट कुठल्या देशातले, ते कमेंटमध्ये लिहा. घड्याळाचा हिशोब आपण मिळून लावू. भेटू पुढच्या व्हिडिओत!