कुमेयकीची लढाई आणि किसिलचें वचन

युक्रेनमधील नीपर नदीच्या पात्रांत पूर्वी खडकांच्या ओळींमागून ओळी लागत व पाणी मोठ्या वेगानें खळाळत असे. १९३२ सालीं पुऱ्या झालेल्या धरणानें ते खडक बुडाले. या खळाळांपलीकडे राहणारे ते झापोरोझियन कोसॅक. जमीनदारांच्या वेठीस कंटाळून पळालेले शेतकरी त्यांना येऊन मिळत. नावांतून काळ्या समुद्रांत उतरून तुर्कांचीं बंदरें लुटणें हाही त्यांचा एक उद्योग असे. तेव्हां त्यांना केवळ साधुसंत समजण्याचें कारण नाहीं.

हा मुलूख पोलंडच्या अंमलाखालीं होता. कांहीं हजार कोसॅकांचीं नांवें सरकारी नोंदवहींत असत व त्यांना वेतन मिळे. युद्ध आलें म्हणजे मात्र सरकार याच्या कित्येक पट लोक बोलावी, आणि युद्ध सरलें कीं त्यांना सांगे, आतां आपापल्या धन्याच्या नांगराला लागा. ज्यानें काल राजासाठीं रक्त सांडलें, त्यानें आज वेठीला कां जावें? सर्व तंट्याचें मूळ या प्रश्नांत आहे. त्यांत धर्माचें दुःख मिळालें. १५९६ च्या ब्रेस्ट येथील ठरावानें कांहीं बिशपांनीं पोपची सत्ता मान्य केली; जुन्या ऑर्थोडॉक्स पंथास चिकटून राहिलेल्यांचीं मंदिरें व मठ त्यामुळें हातचे जाऊं लागले. ख्रिस्ताच्या नांवानें ख्रिस्ती लोकांनींच हें करावें, याची लाज वाटते.

१६३५ सालीं खळाळांच्या तोंडाशीं पोलंडनें कोडाकचा किल्ला बांधला. बांधणारा बोप्लां नांवाचा फ्रेंच इंजिनियर होता. त्याच वर्षीं सुलिमा या पुढाऱ्यानें छापा घालून तो पाडला व वॉर्सा येथें प्राण गमावला. पुढें १६३७ सालीं पाव्ल्यूक उठला. नोंदलेल्या कोसॅकांच्या तोफा त्यानें पळविल्या, आणि बंड गांवोगांव पसरलें. ता. १६ डिसेंबर रोजीं कुमेयकी गांवाजवळ पोलंडचा सेनापति निकोलस पोटोत्स्की याच्याशीं गांठ पडली. कोसॅकांनीं आपल्या रीतीप्रमाणें गाड्यांचा कोट उभारला होता. परंतु पोलिश घोडेस्वारांनीं हल्ल्यामागून हल्ले करून तो फोडला. उरलेले लोक बोरोवित्सा येथें कोंडले गेले.

तेथें आदाम किसिल हा सरदार मध्यस्थ झाला. तो स्वतः ऑर्थोडॉक्स होता. "शरण या, पाव्ल्यूकचा जीव वांचेल," अशी हमी त्यानें दिली, व ती खरी मानून कोसॅकांनीं पुढारी स्वाधीन केला. वॉर्साच्या राष्ट्रसभेंत किसिलनें आपल्या वचनाची आठवण दिली. सभेनें ऐकलें नाहीं. १६३८ सालीं पाव्ल्यूकचा शिरच्छेद झाला. इकडे पोटोत्स्कीनें बंडखोरांना सुळावर चढविलें.

त्याच वर्षीं ओस्त्र्यानिन व हून्या यांनीं पुन्हां शस्त्र धरलें, तेही मोडलें. नव्या कायद्यानें नोंद सहा हजारांवर आली, आपला हेटमन निवडण्याचा हक्क गेला आणि त्याच्या जागीं सरकारी कमिशनर आला. कोडाक पुन्हां बांधला गेला. पोलिश सरदार पुढील दहा वर्षांना 'सुवर्णशांति' म्हणूं लागले.

बोरोवित्साच्या शरणपत्रावर सैन्याचा चिटणीस म्हणून ज्यानें सही केली, त्याचें नांव बोहदान ख्मेल्नित्स्की. १६४८ सालीं तोच बंडाचा नायक झाला. त्या वावटळींत हजारों निरपराध यहुदीही मारले गेले. कोडाकच्या शिबंदीनें कित्येक महिने वेढा सोसला, आणि ऑक्टोबरांत किल्ला खालीं केला.