औषध चालू आहे, मग पाळणा का नको?



या पानावर आम्ही एरवी बेणे, खोडवा, खताच्या मात्रा यांविषयी लिहितो. या खेपेस विषय निराळा आहे. गटात फिरताना बांधावर एक सभासद म्हणाले, "साहेब, दोघा नवरा-बायकोला एचआयव्ही, सरकारी गोळ्या चालू, आणि आता म्हणे मूल पाहिजे. त्या पोराचा काय गुन्हा?" कोणाविषयी, ते आम्ही विचारले नाही, विचारायचेही नसते. पण हा प्रश्न बऱ्याच जणांच्या मनात असतो, म्हणून लिहीत आहोत.

घोटाळा होतो तो बेण्याच्या हिशेबाने. गवताळ वाढीचा रोग बेण्यातून पुढच्या पिकात उतरतो, म्हणून तसले बेणे आपण टाकून देतो. माणसाचे तसे नाही. एचआयव्ही वंशातून उतरत नाही, बापाकडून थेट गर्भालाही जात नाही. आईकडून तो गरोदरपणी, बाळंतपणात किंवा अंगावरच्या दुधातून बाळाला जाऊ शकतो. काहीच उपचार नसेल तर शंभरात 15 ते 45 बाळांना संसर्ग होतो. आईच्या गोळ्या नियमित चालू असल्या व बाळालाही औषध मिळाले, तर हे प्रमाण 5 च्या खाली येते. दिवस जाण्याआधीपासूनच विषाणू दबलेला असेल तर त्याहून पुष्कळ कमी.

आपल्या देशात मोफत गोळ्या 1 एप्रिल 2004 पासून सुरू झाल्या. त्याआधी गावाने जे पाहिले, कर्ती माणसे गेलेली, म्हाताऱ्यांनी नातवंडे वाढवलेली, तेच अजून लोकांच्या डोळ्यांपुढे आहे. आज वेळेवर गोळ्या घेणारा माणूस ऊस तोडतो, रात्रीची दारे धरतो, सोसायटीचे कर्ज फेडतो. घरात पोर खेळावे असे त्याला वाटले तर नवल काय? बाईचे तर दोन्हीकडून मरण. मूल नाही म्हणून सासू बोलते, आणि मूल हवे म्हटले की आजार ठाऊक असणारे बोलतात.

मात्र घाई नको. दोघांनी मिळून आधी एआरटी केंद्रातील डॉक्टरांना विचारावे. रक्तातील विषाणूंचे प्रमाण मोजण्याची तपासणी तेथे होते. ते सापडणार नाही इतके खाली टिकून राहिले, तर शरीरसंबंधातून जोडीदाराला संसर्ग होत नाही. म्हणजे एकालाच आजार असलेल्या जोडप्यालाही मूल होऊ शकते. निरोध केव्हा बंद करायचा, ते डॉक्टर सांगतील. बाळंतपण दवाखान्यातच करावे. बाळाला निदान 6 आठवडे औषध पाजावे लागते, सहाव्या आठवड्यापासून 18 महिन्यांपर्यंत रक्ततपासण्या असतात. अंगावर पाजायचे तर पहिले 6 महिने फक्त अंगावरचेच. वरचे दूध मिसळायचे नाही.

खरी अडचण गोळी चुकण्याची. तोडीला येणारे कोयते महिनोन् महिने घरापासून लांब असतात. निघण्याआधीच केंद्रात सांगून गोळ्यांची सोय विचारून घ्यावी. टोळीतली बाई दवाखान्यात जाते म्हणाली, तर मुकादमाने कारण खोदून विचारू नये आणि त्या दिवसाचा खाडाही कापू नये. 2017 चा एचआयव्हीविषयक कायदा 10 सप्टेंबर 2018 पासून लागू आहे. कोणाचा आजार त्याच्या संमतीवाचून चारचौघांत सांगणे त्यात बसत नाही, मग तो मुकादम असो, गटाचा कर्मचारी असो की बांधावरचा शेजारी.

अधिक माहितीसाठी 1097 वर फोन करावा. पैसे पडत नाहीत.