स्प्रिंग बसते, स्प्रिंग तडकते

कला शाखेच्या विद्यार्थ्याने मोटारीच्या स्प्रिंगविषयी लिहावे, याचे काही मित्रांना नवल वाटेल. माझे वडील कोल्हापूरच्या उद्यमनगरात एका गॅरेजमध्ये मिस्त्री आहेत. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. पण सुट्टीत मी त्यांच्या हाताखाली काम करतो. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत तेथे माझ्या हातून एक चूक झाली. त्या चुकीतून जे समजले, ते येथे मांडतो.

एका हौशी गिऱ्हाइकाची जुनी मोटार आमच्याकडे आली होती. कोईमतूरजवळ कारी मोटर स्पीडवे हा शर्यतीचा ट्रॅक २००३ पासून आहे. तेथे सरावासाठी ही मोटार त्याच रात्री रवाना व्हायची होती. पुढच्या दोन स्प्रिंगा तपासण्याचे काम वडिलांनी मला दिले.

पुढच्याच का? भरधाव गाडीला ब्रेक लावला की आपण जसे पुढे झुकतो, तसा गाडीचा भारही पुढच्या चाकांवर येतो. वळणावर तो बाहेरच्या बाजूच्या चाकांवर जातो. रस्त्यावर इतका जोराचा ब्रेक क्वचितच लागतो. ट्रॅकवर मात्र प्रत्येक फेरीत अनेकदा लागतो.

मी गाडी सपाट फरशीवर घेतली, चाकांतील हवा सारखी केली आणि चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत टेपने मोजले. डावी-उजवी बाजू सारखी भरली. मग स्प्रिंगा उतरवल्या. (हे काम स्प्रिंग दाबून धरणाऱ्या खास साधनानेच करावे, दाबलेली स्प्रिंग उसळली तर जीवही जाऊ शकतो.) त्या सपाट पत्र्यावर उभ्या करून उंची मोजली, गुण्या लावून तिरकेपणा पाहिला. वहीत ‘दोन्ही चांगल्या’ असे लिहून मी मोकळा झालो.

येथे थोडे शास्त्र सांगणे आवश्यक आहे. रॉबर्ट हूक या इंग्रज शास्त्रज्ञाने १६७८ मध्ये प्रसिद्ध केलेला नियम आपण शाळेत शिकतो. जितका भार, तितकी स्प्रिंग दबते. भार काढला की ती मूळ लांबीवर येते. परंतु मर्यादेबाहेर दबली, तर ती पुरती परत येत नाही. यालाच ‘स्प्रिंग बसली’ म्हणतात. बसलेली स्प्रिंग नरम होते असा पुष्कळांचा समज आहे, तो बरोबर नाही. स्प्रिंगचा ताठपणा धातू, तारेची जाडी, वेढ्यांचा व्यास आणि त्यांची संख्या यांवर ठरतो. बसल्याने यांत फारसा फरक पडत नाही. कमी होते ती उंची. मग गाडी खाली येते आणि मोठ्या धक्क्याला वेढे एकमेकांवर आपटतात. रंग उडून चकाकणारा पट्टा ही त्याची खूण.

दुसरा दोष तड्याचा. एकोणिसाव्या शतकात वोलर या जर्मन इंजिनिअरने रेल्वेच्या आसांवर प्रयोग करून दाखवले की, एकदा सहज पेलला जाणारा भारही लाखो वेळा पडला तर धातू तुटू शकतो. स्प्रिंगमध्ये याची सुरुवात बहुधा पृष्ठभागावर होते. दगड लागून रंगाचा टवका उडतो, तेथे पाणी शिरते, गंजाचा खड्डा पडतो आणि त्यातून केसाएवढा तडा निघतो. तडा लहान असेपर्यंत उंचीत फरक दिसत नाही. स्प्रिंग बसलेली नाही, एवढेच माझ्या टेपने सांगितले होते.

वडील चौथीपर्यंत शिकलेले. त्यांनी माझी वही पाहिली नाही. सुती चिंधी घेऊन ती प्रत्येक वेढ्यावरून फिरवली. डाव्या स्प्रिंगच्या सर्वांत खालच्या वेढ्यावर, जेथे बैठकीत चिखल साचतो, तेथे धागा अडकला. “नुसतं डोळ्यानं न्हाई, हातानं बघायचं,” एवढेच ते म्हणाले. मग ती जागा घासून स्वच्छ केली, रॉकेल लावून काही वेळ ठेवले, कोरडी पुसली आणि खडूची पूड चोळली. थोड्या वेळाने पांढऱ्या खडूवर बारीक ओली रेघ उमटली. तड्यात शिरलेले रॉकेल खडूने बाहेर ओढून घेतले होते. रेल्वेच्या कारखान्यांत पूर्वी तेल व खडू वापरून अशीच तपासणी होत असे. आता त्यासाठी लाल रंगाचे द्रावण मिळते.

“एवढी खेप चालवून घ्या,” असे गिऱ्हाईक म्हणाले. वडिलांनी ती स्प्रिंग परत बसवण्यास साफ नकार दिला. वळणावर ती तुटली, तर तिचे टोक टायर फाडू शकते. नवी जोडी दोन दिवसांनी मिळाली. एकच बदलली तर दोन्ही बाजू सारख्या राहत नाहीत, म्हणून जोडीच घ्यावी लागते. गिऱ्हाइकाचा सराव बुडाला. त्यानंतर ते आमच्याकडे फिरकले नाहीत.

ती वही माझ्याकडे आहे. ‘दोन्ही चांगल्या’ हे शब्द खोडून मी खाली लिहिले आहे : ‘उंची बरोबर. डावी, खालचा वेढा, तडा. आबांनी पाहिला.’