धातुशोधक यंत्र : जुळणी, वापर आणि नोंद

डेन्मार्कमधील जटलंड द्वीपकल्पात येलिंगच्या परिसरात विंडेलेव्ह नावाचे खेडे आहे. २०२० च्या डिसेंबरात तेथील एका शेतात एक हौशी शोधक नुकतेच विकत घेतलेले धातुशोधक यंत्र फिरवीत होता. यंत्राने नाद दिला तेथे त्याने खणले, तेव्हा वाकलेला आणि चिखलाने माखलेला एक पातळ पत्रा वर आला. प्रथमदर्शनी तो त्याला हेरिंग माशांच्या डब्याचे झाकण वाटला. वस्तुतः तो सोन्याचा होता. त्या जागी पुढे एकंदर सुमारे एक किलो वजनाचे सुवर्णालंकार मिळाले आणि त्यांतील एका पदकावरील लेखाने जर्मानिक भाषांच्या इतिहासात एका नव्या पुराव्याची भर घातली.

हौशी शोधकांचे यंत्र काय करते, ते कसे जुळवावे आणि कसे वापरावे, हे समजून घेण्यास हे उदाहरण सोयीचे आहे. यंत्राने कानी घातलेला नाद म्हणजे ज्ञान नव्हे, ही गोष्ट त्यातून जितकी स्पष्ट होते तितकी दुसऱ्या कशानेही होत नाही.

यंत्रामागील तत्त्व साधे आहे. दांड्याच्या टोकाशी असलेल्या तबकडीत तारांची दोन वेटोळी बसविलेली असतात. पहिल्या वेटोळ्यातून प्रत्यावर्ती विद्युत्प्रवाह सोडला म्हणजे भोवती सतत बदलणारे चुंबकीय क्षेत्र निर्माण होते. या क्षेत्रात धातूची वस्तू आली की तिच्या पृष्ठभागात भोवऱ्यासारखे प्रवाह उत्पन्न होतात आणि त्यांचे स्वतःचे दुर्बल क्षेत्र दुसऱ्या वेटोळ्याला जाणवते. हौशी वापरातील बहुसंख्य यंत्रे ३ ते ३० किलोहर्ट्झ या अतिनीच वारंवारतेच्या पट्ट्यात चालतात. मूळ लहरीच्या मानाने प्रतिसाद किती मागे पडला, म्हणजे दोहोंत किती कलांतर पडले, हे मोजून यंत्र वस्तूविषयी अनुमान करते. ते अनुमान धातूची वाहकता, वस्तूचा आकार आणि तिची जाडी यांच्या एकत्रित परिणामावर आधारलेले असते. वस्तू कोणती आणि कोणत्या काळातील, हे त्यात कोठेही येत नाही.

तत्त्व बरोबर असूनही शोध कसा फसतो, याचा धडा या विद्येच्या आरंभकाळीच मिळाला होता. १८८१ च्या जुलै महिन्यात अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष गारफील्ड यांच्यावर गोळी झाडली गेली. शरीरात रुतलेली गोळी हुडकण्यासाठी अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनी विद्युत्प्रवर्तनावर चालणारे उपकरण सिद्ध केले. परंतु रुग्णाच्या गादीखाली पोलादी तारा होत्या, आणि उपचार करणाऱ्या डॉक्टरांची समजूत गोळी उजव्या बाजूस असल्याची होती, म्हणून शोधही त्याच बाजूस झाला. सप्टेंबरात गारफील्ड यांचा मृत्यू झाला. शवविच्छेदनात गोळी डाव्या बाजूस सापडली. उपकरणाची रचना निर्दोष असली तरी परिसरातील धातू आणि मनातील पूर्वग्रह ही दोन्ही त्याला निकामी करू शकतात, हे त्यावरून दिसते. यंत्राची जुळणी म्हणजे या दोन विघ्नांचा आधीच केलेला बंदोबस्त होय.

जुळणीचा प्रारंभ दांड्यापासून होतो. हात सैल खाली सोडून सरळ उभे राहिल्यावर, न वाकता, तबकडी जमिनीला समांतर राहील इतकी दांड्याची लांबी ठेवावी. तबकडीपासून येणारी तार दांड्याभोवती घट्ट गुंडाळावी. ती सैल राहून हलू लागली की यंत्र खोटे नाद देते. हेडफोन वापरणे श्रेयस्कर, कारण खोलवरच्या वस्तूचा नाद अत्यंत क्षीण असतो आणि वाऱ्याच्या आवाजात तो हरवतो. वीजवाहक तारांच्या सान्निध्यात किंवा दुसऱ्या शोधकयंत्राच्या जवळ उभे राहून जुळणी करू नये.

यानंतर भूमिसंतुलन साधावे लागते. मातीतील लोहयुक्त खनिजे स्वतःच यंत्राला प्रतिसाद देतात. हा प्रतिसाद वगळला नाही तर वस्तूचा नाद त्यात बुडून जातो. ज्या जागी धातू नाही अशी खात्री आहे तेथे तबकडी जमिनीच्या अगदी जवळून वीतभर उंचीपर्यंत वारंवार वरखाली करावी आणि नादात चढउतार होईनासा होईपर्यंत नियंत्रक फिरवावा. अनेक यंत्रे हे काम आपोआप करतात. तथापि शेताचा पोत बदलला की ते पुन्हा करणे आवश्यक असते. संवेदनक्षमतेच्या बाबतीत नवशिक्याची प्रवृत्ती ती कमाल ठेवण्याकडे असते. त्यामुळे खोली वाढत नाही, गोंगाट मात्र वाढतो. यंत्र विनाकारण कुरकुरू लागेपर्यंत ती वाढवावी आणि तेथून थोडी मागे आणावी.

खरा विवेक लागतो तो निवडीच्या नियंत्रकापाशी. नको असलेल्या धातूंचे नाद दाबून टाकण्याची सोय या नियंत्रकामुळे होते. बहुतेक यंत्रांवर प्रत्येक लक्ष्याला एक निर्देशांक दाखविला जातो. लोखंडाचा खिळा सर्वांत खाली, जाड तांबे व चांदी वरच्या टोकाला, आणि मध्ये इतर धातू असा हा क्रम साधारणपणे असतो. अडचण अशी की, सोन्याचा पातळ पत्रा किंवा लहानसा सुवर्णालंकार बहुधा ॲल्युमिनियमच्या कागदाच्या व डब्यांच्या कड्यांच्या पट्ट्यात येतो. कचऱ्याचा त्रास नको म्हणून हा पट्टा बंद केला की सोन्याचाही आवाज बंद होतो. लोखंड सर्वस्वी वगळणाऱ्यास लोहयुगातील चाकू कधीही ऐकू येणार नाही. सामग्री गोळा करतानाच अपवाद गाळून टाकणारा भाषाभ्यासक आणि असा शोधक यांची स्थिती सारखीच आहे. जे गाळले गेले ते काय होते, हे नंतर सांगता येत नाही. म्हणून प्रारंभी सर्व नाद ऐकावेत. खिळा, कागदाचा तुकडा, तांब्याचे नाणे व चांदीचे नाणे जमिनीवर मांडून प्रत्येकावरून तबकडी फिरवावी आणि त्यांचे नाद कानाला ओळखीचे करून घ्यावेत.

प्रत्यक्ष शोधात तबकडी जमिनीपासून दोन-तीन सेंटिमीटरांवर आणि तिला समांतर ठेवून सावकाश डावीउजवीकडे न्यावी. झोक्याच्या दोन्ही टोकांना ती उचलली जाण्याची सवय सार्वत्रिक आहे आणि तेवढ्या भागात खोलीचे नुकसान होते. प्रत्येक नवा झोका आधीच्या झोक्याची निम्मी रुंदी झाकील असा असावा. मोठी तबकडी अधिक खोल पोहोचते, परंतु जवळजवळच्या दोन वस्तू तिला वेगळ्या करता येत नाहीत. लहान तबकडीचे गुणदोष याच्या उलट. साधारण यंत्राला नाण्याएवढी वस्तू वीस-पंचवीस सेंटिमीटरांपर्यंत कळते. नाद मिळाल्यावर त्याच जागेवरून काटकोनात दुसरा झोका द्यावा. दोन्ही दिशांनी एकसारखा ऐकू येणारा नाद विश्वसनीय मानावा. दोन्ही झोके जेथे छेदतात तेथे वस्तू असते.

येथपर्यंतचे काम यंत्राचे. यापुढील काम शोधकाच्या शिस्तीचे आहे. नांगरटीच्या थरातील वस्तू आधीच मूळ जागेवरून हललेली असते आणि नांगराच्या फाळाने व खतांच्या क्षारांनी झिजत असते. ती काढण्यात हानी थोडी व लाभ अधिक. परंतु वस्तू त्या थराखाली अविचल मातीत असेल, किंवा एकाच जागी अनेक वस्तू दिसू लागतील, तर हात आवरावा, खड्डा झाकावा आणि संग्रहालयाला कळवावे. काढलेली वस्तू घासू-पुसू नये; ती स्वतंत्र पिशवीत ठेवून तीवर स्थळाचे अक्षांश-रेखांश, खोली व दिनांक लिहावा. खड्डा बुजविल्यावाचून पुढे जाऊ नये.

डेन्मार्कच्या कायद्याने ही शिस्त पोसली आहे. जमिनीत सापडलेले सोने-चांदी राजाचे, हा तेथील नियम १२४१ च्या जटलंड विधिसंहितेइतका जुना आहे. आजही मौल्यवान धातूंच्या किंवा विशेष सांस्कृतिक महत्त्वाच्या पुरावस्तू राज्याच्या मालकीच्या ठरतात. त्यांना ‘डानेफे’ अशी संज्ञा आहे. शेतमालकाची अनुमती घेऊन हौशी शोध करता येतो. मात्र संरक्षित स्मारकांवर व त्यांच्यापासून दोन मीटरांच्या आत यंत्र चालविण्यास मनाई आहे. वस्तू सुपूर्द करणाऱ्यास बक्षीस मिळते, आणि त्याची रक्कम ठरविताना वस्तू किती काळजीने काढली व नोंदविली हेही पाहिले जाते.

विंडेलेव्हच्या शोधकाने संग्रहालयास कळविल्यामुळेच तेथे शास्त्रीय उत्खनन होऊ शकले. त्यात हा ठेवा लोहयुगातील एका वस्तीतील लांबट घराच्या जागी पुरला होता, असे निष्पन्न झाले. सोने वितळले असते किंवा गुपचूप विकले गेले असते तर घर, वस्ती आणि ठेवा यांचा संबंध कायमचा तुटला असता. ठेव्यातील एकमुखी सुवर्णपदकांपैकी एकावर प्राचीन रून लिपीतील लेख होता. डेन्मार्कच्या राष्ट्रीय संग्रहालयातील रूनविद् लिस्बेथ इमर आणि भाषाशास्त्रज्ञ क्रिस्टर वासहूस यांनी २०२३ साली त्याचे वाचन प्रसिद्ध केले. त्यातील महत्त्वाचे शब्द ‘इझ वोड्नस वेराझ’ असे असून त्यांचा अर्थ ‘तो ओडिनचा पुरुष’ असा लावला गेला. पदक इसवी सनाच्या पाचव्या शतकाच्या पूर्वार्धातील मानले जाते. त्यापूर्वी या देवाचा सर्वांत जुना ज्ञात उल्लेख दक्षिण जर्मनीतील नॉर्डेनडॉर्फच्या कंठसूचीवर, सहाव्या शतकाच्या उत्तरार्धात, होता. म्हणजे पुराव्याची मर्यादा सुमारे दीडशे वर्षांनी मागे गेली. ‘वेराझ’ हा शब्द संस्कृत ‘वीरः’ आणि लॅटिन ‘विर’ यांचा सगोत्र आहे, आणि त्याचा प्रथमेचा अंत्य ‘झ’ संस्कृतातील विसर्गाच्या जागी उभा आहे. तुलनात्मक व्याकरणाच्या विद्यार्थ्यास हे रूप कोष्टकात भेटते. येथे ते मातीतून वर आलेले आहे.

डेन्मार्कमधील ही मुभा भारतात आहे असे मात्र कोणी समजू नये. १८७८ च्या निखात निधी अधिनियमानुसार दहा रुपयांहून अधिक किमतीचा भूमिगत निधी सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यास लेखी कळविणे बंधनकारक आहे, आणि १९५८ च्या प्राचीन स्मारकविषयक अधिनियमान्वये संरक्षित क्षेत्रात परवान्यावाचून उत्खनन करता येत नाही. हौसेने यंत्र घेणाऱ्याने हे दोन्ही कायदे आधी समजून घ्यावेत.

सारांश, धातुशोधक यंत्र फक्त एवढेच सांगते की, येथे काहीतरी वाहक आहे. ते झाकण की पदक, हे खणल्यावर कळते. पदक कोणाचे व कशासाठी, हे मात्र ज्या मातीत ते होते तिची नोंद झाली असेल तरच कळण्याचा संभव राहतो. यंत्राची किंमत एकदाच द्यावी लागते. नोंदीचे कष्ट प्रत्येक खड्ड्यापाशी नव्याने घ्यावे लागतात.