पाण्यातला हुतुतू

चिरंजीवांनी इथल्या शाळेच्या वॉटर पोलो संघात नाव घातलं, तेव्हा आम्हा दोघांच्या पोटात गोळाच आला. तळाला पाय टेकायचा नाही, ताकातल्या रवीसारखे पाय फिरवत तरंगायचं, चेंडूला एकच हात. आणि पाण्याखालच्या लाथा पंचांना दिसतात थोड्याच!

खेळ खरा युरोपचा. १९२६ ते १९३८ मधल्या पाचही युरोपियन स्पर्धा हंगेरीने जिंकल्या. अमेरिकेचंसुद्धा सुवर्ण १९८४ साली लॉस एंजेलिसला युगोस्लाव्हियाशी ५-५ बरोबरी होऊन, गोलफरकावर हुकलं. आपल्याला कशाला ही उठाठेव, असं आम्ही म्हणत होतो. तेवढ्यात भारतातून आलेले आजोबा म्हणाले, "अरे, १९५१ च्या दिल्ली एशियाडमध्ये सुवर्ण आपलंच होतं की!"

फॉर्मवर आम्ही त्याच रात्री सही केली. अभ्यासाची अट मात्र कायम.