हाताला कळलेला इतिहास

अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यात ‘ओल्ड स्टरब्रिज व्हिलेज’ हे १९४६ साली खुलं झालेलं संग्रहालय आहे. उन्हाळी शिबिरात तिथं मुलं १८३०च्या दशकातले कपडे घालून त्या काळची कामं करून बघतात. हे वाचलं आणि आमच्या महिला मंडळानं मे महिन्यात एका जुन्या वाड्यात मुलं जमवली. जात्यावर दोघं-दोघं बसूनही वाटीभर पीठ निघेना! एकानं विचारलं, ‘‘आजी, तुम्ही रोज घरभराचं दळायचात?’’ आजींनी नुसता खुंटा धरला आणि जातं गरगर फिरू लागलं. राजांच्या लढाया पुस्तकात आहेत. बायकांचे कष्ट कुठे आहेत? ते सांगणाऱ्या आज्या आहेत, तोवरच मुलांना त्यांच्यापाशी बसवूया.