पुढचा ब्रेक दाबला की तोंडावर पडतो?

गाडी शिकवताना बहुतेक घरांत पहिली ताकीद हीच मिळते: "पुढचा ब्रेक दाबू नकोस, तोंडावर पडशील." ती मनात इतकी घट्ट बसते की वीस वर्षं गाडी चालवणाराही ऐनवेळी फक्त पायाच्या ब्रेकवर उभा राहतो. मला सगळ्यात जास्त धास्ती याच गैरसमजाची वाटते.

ब्रेक लागताच गाडीचा भार पुढच्या चाकावर येतो आणि मागचं चाक हलकं होतं. हलक्या चाकाला पकड कमी, म्हणून ते पटकन जाम होऊन घसरतं. कोरड्या डांबरी रस्त्यावर ताशी 60 किलोमीटर वेगातली गाडी दोन्ही ब्रेक नीट लावले तर साधारण 20 मीटरमध्ये थांबते. नुसत्या मागच्या ब्रेकवर हे अंतर जवळपास दुप्पट होतं. त्याआधी धोका ओळखून हात हलायला एक सेकंद लागला, तर तेवढ्यात गाडी 16-17 मीटर पुढे गेलेली असते, ते वेगळंच.

मग माणसं पडतात कशी? लिव्हर एकदम आवळल्यामुळे, किंवा वळणात, वाळूवर ब्रेक मारल्यामुळे. लिव्हर आधी हलकेच ओढायची, भार पुढे आला की जोर वाढवत न्यायचा.

"एबीएस आहे, सराव कशाला?" असंही ऐकू येतं. एप्रिल 2019 पासून 125 सीसीच्या वरच्या नव्या दुचाकींना एबीएस (ब्रेक मारताना चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) सक्तीचं आहे. पण बऱ्याच गाड्यांत ते फक्त पुढच्या चाकाला असतं. शिवाय एबीएस सुरू झालं की लिव्हर थरथरते आणि घाबरून लोक ती सोडून देतात. ती दाबूनच धरायची असते.

धडक टाळायला गाडी मुद्दाम आडवी टाकणं तर साफ चूक. रस्त्यावर टायरच्या रबराइतकी पकड घासत जाणाऱ्या लोखंडाला नसते.

रविवारी सकाळी एखादं मोकळं, कोरडं, डांबरी आवार गाठा. हेल्मेट, हातमोजे, बूट घाला. ताशी 20 पासून सुरुवात करा: हँडल सरळ, गुडघे टाकीला चिकटलेले, नजर लांब, क्लच दाबलेला. थांबलात ती जागा खडूने आखा. हात सरावला की मगच वेग वाढवा, आणि पावसाळ्याआधी एकदा टायरही तपासून घ्या.